वेळ कुणाच्या पथ्यावर पडत होता? कुवेत, गोवा आणि निर्बंधांचं गणित

तासगावच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. थोडक्यात तिचं म्हणणं असं: "१९९० साली इराकनं कुवेत गिळल्यावर संयुक्त राष्ट्रांनी इराकवर फार कडक आर्थिक निर्बंध लादले. तरी अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी साडेपाच महिन्यांत युद्ध सुरू केलं. निर्बंध फसले म्हणूनच ना? आणखी वर्षभर थांबले असते तर युद्ध टळलं असतं का? आणि नेत्यानं निर्बंधांवर किती थांबायचं, याची काही कसोटी असते का?"

यात तीन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कागदोपत्री सापडतं, दुसऱ्याचं कुणीच छातीठोकपणे देऊ शकत नाही, आणि खरी गाठ तिसऱ्यात आहे. आपण या विषयाकडं बहुतेक वेळा धीर आणि घाई याच नजरेनं बघतो. निर्बंध लावणारा धीराचा, सैन्य पाठवणारा घाईचा. मी आयुष्यभर ज्या कामात होतो त्यातून मला वेगळं दिसतं. मी आधी विचारतो की जाणारा प्रत्येक दिवस कुणाच्या पथ्यावर पडतोय? ज्यानं आगळीक केली त्याच्या, की जो ती मोडून काढू पाहतोय त्याच्या? हे कळलं की बाकीचं बरंच सुटतं.

माझी ओळख एवढ्यासाठीच सांगतो की माझं मत कुठून येतं ते कळावं. माझा जन्म मिरजेचा, शाळा साताऱ्याची सैनिक शाळा, आणि १९७२ ते २००३ अशी ३१ वर्षं सैन्याच्या रसद विभागात काढली. म्हणजे रेशन, पाणी, डिझेल, गाड्या. लढाईच्या डावपेचांवर बोलणारे माझ्यापेक्षा मोठे लोक आहेत. पण हजारो माणसं घरापासून दूर, उघड्यावर, सज्ज ठेवायची म्हणजे काय, हे मी हातानं केलंय. निवृत्तीनंतर साताऱ्यात मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो. घरोघरी फौजी असलेलं अपशिंगे मिलिटरीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथं युद्ध हा शब्द तोंडातून हलकेपणानं निघत नाही, हेही आधीच सांगतो.

आता तारखा. २ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं. ६ ऑगस्टला सुरक्षा परिषदेचा ठराव ६६१ आला आणि औषधं व मानवतेच्या गरजेचं अन्न सोडून इराकचा सगळा व्यापार बंद झाला. २५ ऑगस्टला समुद्रात जहाजं अडवायची परवानगी मिळाली. तुर्कस्ताननं तेलाची नळवाहिनी बंद केली, सौदी अरेबियानंही केली. तेलावर जगणाऱ्या देशाचं तेलच अडलं. २९ नोव्हेंबरला ठराव ६७८ आला. १५ जानेवारी १९९१ पर्यंत इराक निघाला नाही तर 'आवश्यक ते सर्व उपाय' करा, असं त्यात म्हटलं होतं. बाजूनं १२ मतं पडली, क्युबा आणि येमेन विरोधात गेले, चीन तटस्थ राहिला. ९ जानेवारीला जिनिव्हात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर आणि इराकचे तारिक अझीझ भेटले, पण काही निघालं नाही. १७ जानेवारीला हवाई हल्ले सुरू झाले, २४ फेब्रुवारीला जमिनीवरची लढाई, आणि साधारण १०० तासांत कुवेत मोकळा.

निर्बंध फसले होते का? नाही. आणि नेमकी इथंच बहुतेकांची गल्लत होते. ५ डिसेंबर १९९० ला सीआयएचे प्रमुख विल्यम वेब्स्टर यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढं साक्ष दिली. त्यांनी सांगितलं की इराकची ९७ टक्के निर्यात आणि ९० टक्क्यांहून जास्त आयात थांबली आहे. इतकं घट्ट आवळणं त्याआधी क्वचितच कुणाला जमलं असेल. पण त्याच साक्षीत ते पुढं म्हणाले की या हालअपेष्टांमुळं इराकचा सर्वेसर्वा सद्दाम हुसेन धोरण बदलेलच अशी खात्री देता येत नाही, आणि इराकचं भूदल आणखी नऊ महिन्यांपर्यंत जवळजवळ आहे त्याच तयारीत राहू शकतं.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. निर्बंधांचं एक काम असतं समोरच्याची तिजोरी रिकामी करणं आणि दुसरं त्याचा निर्णय फिरवणं. पहिलं काम उत्तम चाललं होतं, दुसरं होत नव्हतं. कारण तिजोरी ज्याची रिकामी होत होती तो इराकी माणूस निर्णय घेत नव्हता, आणि जो निर्णय घेत होता त्याच्या ताटातला घास कमी झाला नव्हता. सैन्याचं रेशन शेवटी तुटतं, आधी गावाचं तुटतं. रसदीत काम केलेल्या कुणालाही विचारा.

साताऱ्यात राहून ही गोष्ट समजायला लांब जायला नको. अजिंक्यताऱ्याला औरंगजेबानं डिसेंबर १६९९ मध्ये वेढा घातला. वेढा म्हणजे त्या काळचे निर्बंधच, उपाशी ठेवा आणि वाट बघा. साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफनं नोंदवलंय की परळीच्या किल्ल्यावरून, म्हणजे आपल्या सज्जनगडावरून, मराठ्यांचे सरदार परशुराम त्रिंबक गडावर धान्य पोहोचवत होते आणि त्यासाठी त्यांनी खुद्द बादशहाच्या मुलाला, आझमशहाला, वश करून घेतलं होतं. वेढा घालणाऱ्याच्या घरातूनच वाट निघाली. शेवटी मोगलांनी सुरुंग लावले, आणि १३ एप्रिल १७०० ला त्यातला एक त्यांच्याच माणसांवर कोसळून शेकड्यांनी मेली. त्यानंतर आठवडाभरात गड पडला खरा. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो साडेचार महिने लढवला होता. मी मुलांना गडावर नेतो तेव्हा दोन गोष्टी दाखवतो. उपासमारीनं जिंकायचं तर फट बुजवणारा माणूस भरवशाचा लागतो, आणि वाट बघून कंटाळलेली मोठी फौज जोखमीच्या उपायांकडं वळते.

ही दुसरी गोष्ट १९९० ला अगदी तंतोतंत लागू पडते. माझ्या मते बुश यांचा खरा निर्णय १७ जानेवारीचा नव्हताच. तो ८ नोव्हेंबर १९९० चा होता. अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुका ६ नोव्हेंबरला झाल्या आणि दोन दिवसांनी बुश यांनी जाहीर केलं की आखातातलं सैन्य जवळपास दुप्पट करणार. तोवर तिथं दोन लाखांच्या वर अमेरिकी सैनिक होते. सौदी अरेबियावर हल्ला होऊ नये एवढ्यासाठी ते पुरेसे होते. पुढं हा आकडा पाच लाखांच्या पलीकडं गेला.

हा फरक नुसता संख्येचा नाही. दोन लाखांची फौज आलटून पालटून ठेवता येते. सहा-आठ महिन्यांनी एक तुकडी परत, दुसरी तिच्या जागी. पाच लाखांची बदली करायची तर मागं तितकीच दुसरी फौज तयार हवी, आणि ती अमेरिकेकडंही नव्हती. म्हणजे ८ नोव्हेंबरला बुश यांनी नकळत म्हणा किंवा जाणून म्हणा, निर्बंधांची मुदतच ठरवून टाकली. उगारलेला हात माणूस किती वेळ वर धरणार? एक तर मारायचा, नाहीतर खाली घ्यायचा. खाली घेतला की समोरचा समजायचं ते समजतो. त्यात मार्चच्या मध्यात रमजान येत होता, पुढं हजयात्रा, आणि वाळवंटातला उन्हाळा. सौदी अरेबियात, मक्का-मदिनेच्या भूमीवर, परकं सैन्य रमजानात बसवून ठेवणं त्या राजघराण्याला परवडणारं नव्हतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि आपण पाकिस्तानच्या सीमेवर सैन्य लावलं, ऑपरेशन पराक्रम. मी तेव्हा राजस्थानात होतो. उच्चायुक्त परत बोलावले, रेल्वे थांबवली, विमानांना आकाश बंद केलं, आणि सोबत साधारण पाच लाखांची फौज. पहिल्या महिन्यात जवानांच्या डोळ्यांत धार होती. १२ जानेवारीला पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांचं भाषण झालं, मग थांबा, बघू. मे महिन्यात जम्मूजवळ कालूचकला जवानांच्या बायका-मुलांवर हल्ला झाला, पुन्हा ताण शिगेला. मग पुन्हा थांबा. माझ्याकडं पाण्याचे टँकर होते. मे-जूनच्या वाळूत टँकरचा एक टायर फुटला की पुढच्या चौकीचं अख्ख्या दिवसाचं गणित कोसळायचं. रजा बंद. शेतात सुरुंग पेरलेले, शेतकरी कुंपणाच्या अलीकडं उभा राहून आपल्याच रानाकडं बघायचा. सुरुंग पेरताना आणि पुढं काढताना आपली माणसं गेली, एक गोळी न झाडता. ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागं घ्यायचं ठरलं.

वाजपेयींनी युद्ध निवडलं नाही. दोन्ही देशांकडं अण्वस्त्रं असताना ते बरोबर होतं, असं मी आजही मानतो. पण दहा महिने हात उगारून ठेवायची किंमत काय असते हे मी टँकरच्या बाजूनं पाहिलंय. म्हणून बुश यांच्या निर्णयाकडं बघताना मी आधी विचारतो की सैन्य दुप्पट करायच्या आधी त्यांनी पुरेसा विचार केला का. एकदा ते केल्यावर जानेवारीत युद्ध झालं याचं मला नवल वाटत नाही.

थांबा असं सांगणारी माणसं होती, आणि ती ऐऱ्यागैऱ्यांपैकी नव्हती. सैन्यप्रमुखांच्या समितीचे तेव्हाचे अध्यक्ष कॉलिन पॉवेल यांनी इराकला निर्बंधांनी आवळत ठेवण्याचा पर्याय त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बुश यांच्यापुढं ठेवला होता. त्याच पदावरून निवृत्त झालेले ॲडमिरल क्रो आणि जनरल जोन्स यांनी नोव्हेंबरच्या अखेरीस सिनेटच्या समितीला उघडपणे सांगितलं की निर्बंधांना अजून वेळ द्या, वर्ष-दीड वर्ष लागलं तरी चालेल. युद्ध जवळून पाहिलेला माणूस त्याची घाई करत नाही. गणवेश घातलेल्यांना लढायची खुमखुमी असते, हा समज मनातून काढून टाका.

मग बुश यांच्या बाजूनं काय होतं? वेळ सद्दामच्या पथ्यावर पडत होता, हे त्यांचं मुख्य म्हणणं. कुवेत हळूहळू संपत होता. घरं, बँका, इस्पितळं लुटली जात होती, माणसं देश सोडून जात होती. दीड वर्षानं निर्बंध फळाला आले असते तरी परत द्यायला कुवेत नावाची वस्तू किती उरली असती? दुसरं, बुश यांनी जमवलेली आघाडी नाजूक होती. त्यात सीरिया होता, इजिप्त होता, सौदी होता. इस्रायलमध्ये एखादी ठिणगी पडली की हे सगळे अडचणीत येणार होते, आणि ऑक्टोबरमध्ये जेरुसलेमला इस्रायली पोलिसांनी पॅलेस्टिनींवर गोळीबार केला तेव्हा तशी चुणूक दिसलीही होती.

तिसरं कारण आपल्याकडं फारसं बोललं जात नाही, पण ते आपल्याच अंगावर आलं होतं. निर्बंध लावणं फुकट नसतं, त्याचं बिल तिऱ्हाइताला भरावं लागतं. जॉर्डन, तुर्कस्तान आणि भारत. कुवेत-इराकमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना आपण परत आणलं, बहुतेकांना अम्मानमार्गे, एअर इंडियाच्या जवळपास पाचशे उड्डाणांतून. मिरजेत आमच्या गल्लीतला एक फिटर असाच आला. हातात एक बॅग, आठ वर्षांची कमाई कुवेतच्या बँकेत. त्याची आई विचारायची, आता पुन्हा कधी जाणार? त्याला उत्तर देता यायचं नाही. तिथं अडकलेल्यांसाठी धान्याचं जहाज पाठवायलासुद्धा भारताला निर्बंध समितीची परवानगी काढावी लागली. तेल महागलं, परदेशातून येणारा पैसा आटला, आणि आधीच खंगलेली आपली परकीय गंगाजळी १९९१ च्या मध्यापर्यंत इतकी खाली गेली की सोनं गहाण टाकावं लागलं. त्यामागं आपल्या स्वतःच्या चुका मोठ्या होत्याच, पण आखातानं घाव घातला. अशा वेळी वॉशिंग्टनमधलं कुणी "अजून वर्षभर थांबू" म्हणतं तेव्हा ते वर्ष मिरजेच्या फिटरच्या घरातूनही जात असतं.

आता गोव्याकडं येतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला कुवेतपेक्षा तिथं जास्त स्वच्छ दिसतं, आणि तो निर्णय आपल्या नेत्यानं घेतलेला आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये मी दहा वर्षांचा होतो. वडील रेल्वेत. मिरज स्टेशनवरून बेळगावकडं लष्करी गाड्या जायच्या आणि आम्ही पोरं मीटरगेजच्या त्या डब्यांना हात करायचो. वडील घरी एवढंच म्हणाले, "सहा वर्षं मालगाड्या अडवल्या, आता माणसांच्या गाड्या सोडल्या." त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

१५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसच्या वर माणसं गेली. महाराष्ट्र पेटला. लोक सैन्य पाठवा म्हणत होते आणि नेहरूंनी आर्थिक नाकेबंदी निवडली. सीमा बंद, रेल्वे बंद, व्यापार बंद. त्यांचा हिशोब उघड होता. गोवा इवलासा, चहूबाजूंनी आपण, पोर्तुगाल हजारो मैल लांब. किती दिवस तग धरणार?

धरला. सहा वर्षं धरला. कारण समुद्राची बाजू उघडी होती. लोहखनिजाच्या खाणी जोरात चालल्या, जपान आणि पश्चिम जर्मनीकडं माल जाऊ लागला. तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनहून येऊ लागला. दाभोळीला विमानतळ झाला. परदेशी मालाची बाजारात चैन झाली. आणि नाकेबंदीची झळ कुणाला बसली? मुंबईत काम करणाऱ्या पोरानं पाठवलेल्या पैशांवर ज्या गोवेकर आईची चूल पेटायची, तिला. सीमेपलीकडं ज्यांचे सोयरे होते त्यांना. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार तर लिस्बनमध्ये. त्याला निवडून यायचं नव्हतं, गोव्याच्या आईचं मत त्याला लागत नव्हतं. त्याच्यापर्यंत झळ पोहोचायला वाटच नव्हती.

नेहरू का थांबले तेही समजून घ्या, त्यांना नुसतं कचखाऊ म्हणून मोकळं होऊ नका. जगाला शांततेचं सांगणाऱ्या देशानं शेजाऱ्यावर सैन्य घालणं त्यांना खरोखर जड जात होतं. पण १९६१ पर्यंत चित्र पालटलं होतं. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिषद झाली, तिथं आफ्रिकेतल्या पुढाऱ्यांनी भारताला सुनावलं की तुम्ही पाऊल उचललंत तर आमचीही बेडी सैल होईल. नोव्हेंबरमध्ये अंजदीव बेटावरून भारतीय बोटीवर गोळीबार झाला. १८ डिसेंबरला पहाटे सैन्य निघालं, १९ ला संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा शरण आले. आपले २२ जवान गेले, त्यांचे साधारण ३०. सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्धचा ठराव सोव्हिएत रशियानं नकाराधिकार वापरून पाडला.

मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती अशी. सालाझारनं आपल्या गव्हर्नरला शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नको, असा हुकूम दिला होता. लिस्बनमध्ये बसलेल्या ज्या माणसाला गोव्यातली आपलीच तीन-साडेतीन हजार माणसं मरू द्यायला काही वाटत नव्हतं, तो साखर-तांदळाच्या टंचाईनं नमला असता का? गव्हर्नर समोर होता, त्याला माणसं दिसत होती, म्हणून तो नमला. निर्बंध कुणावर चालतील याचा अंदाज मी तिथून बांधायला शिकलो.

याच्या उलटं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. वर्णभेदाविरुद्ध तिच्याशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत, १९४६ साली. मोठ्या देशांनी हात आवळायला १९८० चं दशक उजाडलं, आणि ११ फेब्रुवारी १९९० ला मंडेला सुटले. तिथल्या लोकांच्या लढ्याचं श्रेय मी निर्बंधांना देणार नाही. पण तिथं निर्बंधांचा हातभार लागला, कारण झळ बसलेला गोरा कारखानदार आणि गोरा मतदार हाच सरकार निवडणारा होता. शिवाय मागणी स्पष्ट होती आणि ती मानली की निर्बंध उठणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आपण स्वतःही १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध सोसलेत. मी तेव्हा नोकरीत होतो, सुट्या भागांसाठी कशी पत्रापत्री चालायची ते आठवतं. देश नमला नाही, उलट लोक सरकारमागं उभे राहिले, परदेशातल्या भारतीयांनी रोख्यांत ४ अब्ज डॉलरच्या वर पैसा ओतला. आपल्याला जो अभिमान वाटला तोच इराकी माणसालाही वाटू शकतो, हे विसरून निर्बंधांचा अभ्यास होत नाही.

तर किती थांबायचं? हे परिस्थितीवर आहे, आणि मी ते टाळायला म्हणत नाही. बळकावलेली जागा दिवसागणिक बदलतेय का, तिथली माणसं संपत चाललीत का, हे मी सर्वांत वर ठेवेन. झळ बसणाऱ्याला निर्णय घेणाऱ्याच्या दारापर्यंत जायला वाट आहे का? तुमची फौज आलटून पालटून ठेवण्याइतकी आहे, की एकदाच उगारण्याइतकी? समोरच्याकडं अण्वस्त्र असेल तर बाकीचं गणित बाजूला ठेवावं लागतं. आणि सैन्य पाठवून नेमकं किती करायचं हे एका ओळीत सांगता येतं का? गोव्यात येत होतं. कुवेतमध्येही येत होतं, इराकी सैन्य बाहेर काढा. २००३ साली धाकट्या बुश यांना ते एका ओळीत सांगता आलं नाही, आणि त्याचे भोग इराक अजून भोगतोय.

थोरल्या बुश यांच्याबद्दल माझं मत विचाराल तर, कुवेत सोडवण्यापुरतं बळ वापरणं योग्य होतं आणि तिथंच थांबणं तर फारच योग्य होतं. माझा आक्षेप दुसरीकडं आहे. सैन्य दुप्पट करायचा निर्णय त्यांनी नोव्हेंबरमध्ये घेतला आणि संसदेचं मत घेतलं १२ जानेवारीला, मुदत संपायला तीन दिवस उरले असताना. सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४७. पाच लाख सैनिक वाळवंटात उभे असताना नाही म्हणणं कुणाला सोपं असतं? ही चर्चा ८ नोव्हेंबरच्या आधी व्हायला हवी होती, हात उगारायच्या आधी.

त्याहून मोठी चूक युद्धानंतर झाली. लोक विसरतात की निर्बंध युद्धानं संपले नाहीत. एप्रिल १९९१ च्या ठराव ६८७ नं ते शस्त्रास्त्रं नष्ट करण्याशी जोडले आणि ते मे २००३ पर्यंत चालले, जवळजवळ तेरा वर्षं. कागदावर मागणी शस्त्रांची होती, पण वॉशिंग्टनमधून सांगितलं जात होतं की सद्दाम आहे तोवर सुटका नाही. मग त्यानं कशासाठी ऐकावं? दारच ठेवलं नाही तर कोंडलेला माणूस बाहेर येणार कुठून? तेलाच्या बदल्यात अन्न ही योजना १९९५ च्या ठरावानं आली आणि माल पोहोचायला १९९७ उजाडलं. ती राबवणारे डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्यानंतर आलेले हान्स फॉन स्पॉनेक यांनी २००० मध्ये, हे बघवत नाही म्हणून पदं सोडली. त्या काळी गाजलेले बालमृत्यूंचे मोठे आकडे पुढं सदोष ठरले, पण पाणी शुद्ध करायची यंत्रं आणि औषधं यांच्या टंचाईनं सामान्य इराकी घर पिचलं हे खरं आहे. आणि त्याच निर्बंधांनी, तपासनीसांच्या जोडीनं, सद्दामचा शस्त्रांचा कारभार बंद पाडला होता हेही २००३ नंतर दिसून आलं. सत्ता सोड म्हणणारे निर्बंध हरले, शस्त्रं करू नकोस म्हणणारे जिंकले. तेच निर्बंध, मागणी वेगळी.

युद्ध टळलं असतं का, याचं उत्तर द्यायचं राहिलं. सद्दामचं तेव्हापर्यंतचं वागणं बघता, वर्षभर थांबूनही तो आपणहून निघाला असता असं मला वाटत नाही. आठ वर्षांच्या इराण युद्धात त्यानं आपल्या लोकांचे जे हाल होऊ दिले, त्यापुढं १९९० ची टंचाई काहीच नव्हती. पण वर्षभरानं त्याचं विमानदळ आणि सुटे भाग खिळखिळे झाले असते, हे क्रो यांच्या बाजूचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. फक्त त्या वर्षात कुवेत उरला असता का, ते कुणीच सांगू शकत नाही.

आता तुमच्या उत्तरपत्रिकेपुरतं. तुम्ही लिहिलेला मसुदा मी वाचला. तारखा बरोबर आहेत, ८ नोव्हेंबर तेवढी घाला. आणि "निर्बंध अपयशी ठरल्यामुळे बुश यांनी युद्ध पुकारले" हे तुमचं पहिलंच वाक्य बदला. वेब्स्टर यांची साक्ष समोर ठेवा आणि लिहा की निर्बंधांनी इराकची अर्थव्यवस्था रोखली होती, सद्दामचा निर्णय रोखला नव्हता, आणि दुप्पट केलेली फौज वाट बघू शकत नव्हती. जमलं तर गोव्याचा एक परिच्छेद जोडा. नाकेबंदीच्या सहा वर्षांबद्दल आपल्याकडची मुलं फारसं लिहीत नाहीत, त्यामुळं तपासणारा तिथं थांबून वाचेल.